मास्क आधी हनुवटीवर का असायचा, आणि नंतर उतरेना का?

प्रश्न एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "करोनाच्या काळात आमची नववी-दहावीची मुलं मास्क हनुवटीवर ठेवून बसायची. ओरडलं की वर, पाठ वळली की खाली. नोटिसा काढल्या, पालकांना फोन केले, वर्गाबाहेर उभं केलं. सक्ती उठल्यावर मात्र त्याच वर्गातल्या काही मुलामुलींनी मास्क काढायला नकार दिला, काहींनी तर पुढचं अख्खं वर्ष. हा काय प्रकार होता? आणि उद्या पुन्हा अशी साथ आली तर आम्ही काय वेगळं करावं?"

मॅडम, किशोरवयीन मुलांची समुपदेशक म्हणून मी पुणे जिल्ह्यातल्या शहरी आणि ग्रामीण, दोन्ही शाळांमध्ये काम करते. तो सगळा काळ मी या वयाच्या मुलांशी बोलण्यात घालवला आहे. माझं उत्तर आधीच सांगते. मास्क खाली ओढणारा मुलगा आणि मास्क न काढणारी मुलगी ही एकाच कारणाची दोन रूपं होती. आपण मोठी माणसं मास्ककडे विषाणूच्या संदर्भात बघत होतो. चौदा वर्षांच्या मुलासाठी तो त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि त्या वयात चेहऱ्याइतकी नाजूक गोष्ट दुसरी नसते. हे लक्षात न घेता केलेली प्रत्येक सक्ती अर्धी वाया गेली.

आता तारखा जरा आठवून बघा, कारण त्यातच बरंच काही दडलेलं आहे. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली, तीही स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर. मुंबई-पुण्यात ते आणखी लांबलं. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीला परवानगी आली आणि पाठोपाठ दुसरी लाट. मग ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून शाळा उघडल्या. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद, २४ तारखेपासून पुन्हा सुरू. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला.

यात मार्च २०२० मध्ये सातवीत असलेला मुलगा ठेवून बघा. शाळा सुटली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा, गुळगुळीत गालांचा पोरगा होता. नियमित शाळेत परत आला तो नववीत. मधल्या काळात मिसरूड फुटलं, आवाज घोगरा झाला, कपाळभर पुटकुळ्या आल्या, काहींच्या दातांना तारा लागल्या. मुलींच्या ओठांवरची लव दिसू लागली, वजनं वाढली. एरवी हे बदल सगळ्यांच्या देखत, रोज थोडे थोडे, वर्गातल्या सगळ्यांवर एकदमच येतात आणि त्यामुळे पचतात. या मुलांचे बदल घरात, कॅमेरा बंद ठेवलेल्या ऑनलाइन तासांच्या आड झाले. परत आली तेव्हा त्यांना नवा चेहरा एका झटक्यात सगळ्यांना दाखवावा लागणार होता. दाखवायचा की नाही हे ठरवायला हातात एक साधन होतं, मास्क.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. किशोरवयीन मुलाला सतत असं वाटत असतं की आपल्याभोवती प्रेक्षक बसलेत आणि ते आपल्यालाच न्याहाळताहेत. प्रत्यक्षात शेजारचा मुलगा स्वतःच्याच पुटकुळीच्या काळजीत असतो. पण हे मुलाला सांगून पटत नाही आणि सांगूही नये, कारण त्याची धास्ती खरी असते. हा काल्पनिक प्रेक्षकवर्ग डोक्यात ठेवला की तुमच्या वर्गातली दोन्ही दृश्यं उलगडतात.

आधी हनुवटीवरचा मास्क.

विषाणूची माहिती कमी पडली म्हणून मुलं मास्क खाली ओढत होती, असं मला कधीही दिसलं नाही. नववीतल्या मुलांना थेंब, हवेतून पसरणारे सूक्ष्म कण, लशीचे दोन डोस हे सगळं तोंडपाठ होतं. काही जण तर शिक्षकांपेक्षा जास्त वाचून यायचे. अडचण होती ती मित्रांसमोर घाबरट दिसण्याची, मुलांमध्ये विशेषच. एकटा सायकलवरून येणारा मुलगा नीट मास्क लावून येतो आणि गेटपाशी टोळकं दिसलं की तो खाली सरकवतो, हे कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की दिसायचं. यामागे अभ्यासाचा आधारही आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. शेजारी सोबती असले की किशोरवयीन मुलांनी घेतलेला धोका खूपच वाढला, तरुणांचा त्याहून कमी, आणि प्रौढांवर सोबतीचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे तोच मुलगा, तीच अक्कल, पण मित्र शेजारी आला की निर्णय बदलतो. आपले सगळे फलक आणि सूचना मात्र एकेकट्या मुलाच्या अकलेला उद्देशून लिहिलेल्या होत्या.

हनुवटीवरचा मास्क ही मुलांनी काढलेली तडजोड होती. शाळेचं समाधान, कारण मास्क अंगावर आहे. मित्रांचं समाधान, कारण तोंड उघडं आहे. शिक्षिका "वर घे" म्हणाली की वर घ्यायचा आणि ती पुढे गेली की खाली, यात एक छोटा विजयही मिळायचा. आपल्यावरचा दाब जितका उघड, तितकी आपली मोकळीक परत मिळवायची ओढ जास्त, हे माणसाच्या स्वभावातच आहे आणि या वयात ते ठळक असतं. वर्गाबाहेर उभं केलेला मुलगा बाहेर जाताना वर्गाकडे बघून हसतो ना, तेव्हा त्या शिक्षेचं बक्षीस झालेलं असतं.

दुसरी गोष्ट न्यायाची. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि शाळांमध्ये तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं. या वयाच्या मुलांना दुटप्पीपणा फार लवकर दिसतो. सर शिकवताना मास्क गळ्यात घेतात, कारण आवाज पोचत नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे मास्क काढून चहा पितात. गावात दोनशे माणसांचं लग्न होतं, प्रचारसभा होतात, आणि मुलगा एकटा फुटबॉल घेऊन मैदानात उतरला की पहिला प्रश्न "मास्क कुठे आहे?" एका मुलाने मला विचारलं होतं, "मधल्या सुट्टीत आम्ही सगळे मास्क काढून मांडीला मांडी लावून डबा खातो. मग इतिहासाच्या तासाला लावून काय होणार?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, चांगला होता. त्याला खरं उत्तरही होतं. संसर्गाचा धोका किती वेळ, किती जवळ आणि किती बंद जागेत बसलो यावर ठरतो. वीस मिनिटं काढलेला मास्क आणि पाच तास काढलेला मास्क यात फरक आहेच. आणि डबा खाताना धोका असतो म्हणूनच तो वर्गात न खाता झाडाखाली, अंतर ठेवून खायला हवा. हे उत्तर देण्याऐवजी आपण म्हणालो, "नियम म्हणजे नियम." मुलांनी त्यातून निष्कर्ष काढला की या नियमामागे काही कारण नाही.

मोकळ्या मैदानावर, व्यायाम करताना मास्कचा आग्रह धरणं चूकच होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही व्यायामाच्या वेळी मास्क लावू नये असाच होता. जिथे गरज नाही तिथे सक्ती केली की जिथे खरी गरज आहे तिथला आपला शब्द हलका होतो.

साध्या शारीरिक अडचणींनाही मी "बहाणे" म्हणणार नाही. चष्म्यावर वाफ धरते आणि फळा दिसत नाही, ही अडचण चष्मा नसलेल्या शिक्षकाला कळतच नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पत्र्याच्या वर्गात जाड कापडी मास्क तासाभरात ओला होतो. घट्ट इलॅस्टिकने कानामागची कातडी सोलवटते. पुष्कळ घरांमध्ये एका मुलाला एकच मास्क होता, बचत गटाच्या बायकांनी शिवलेला किंवा कुठल्याशा कार्यक्रमात वाटलेला. तो रोज रात्री धुऊन सकाळपर्यंत वाळला नाही तर मुलगा ओलाच लावून यायचा, किंवा न लावता येऊन "विसरलो" म्हणायचा. गरीब घरातलं मूल "माझ्याकडे दुसरा नाही" हे वर्गासमोर सांगत नाही. ते शिव्या खाईल, पण सांगणार नाही. शहरात तोंडावर मास्क नसला तर मोठ्यांना मुंबईत दोनशे आणि पुण्यात पाचशे रुपये दंड भरावा लागत होता. त्याची नक्कल करून काही शाळांनी मुलांकडून पाच-दहा रुपये घेतले. ते कुणाच्या खिशातून गेले, याचा विचार व्हायला हवा होता.

मुलींचं थोडं वेगळं होतं. पुण्यासारख्या शहरात दुचाकीवरून जाताना डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ बांधणं मुलींच्या अंगवळणी पडलेलंच होतं. झाकलेल्या चेहऱ्याने वावरण्यातला निवांतपणा त्यांना आधीपासून माहीत होता. म्हणून त्यांनी मास्क लवकर स्वीकारला, आणि त्यामुळेच पुढे तो सोडणं त्यांच्यातल्या काहींना जास्त जड गेलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, न उतरणारा मास्क.

२ एप्रिल २०२२ नंतर ज्यांनी मास्क ठेवला ती सगळी मुलं एका माळेत ओवू नका. माझ्याकडे आलेल्यांत साधारण तीन तऱ्हा होत्या.

पहिली, चेहऱ्याची लाज. नव्या शाळेत किंवा अकरावीला नव्या कॉलेजात २०२१ मध्ये आलेल्यांना वर्गमित्रांनी कधी पूर्ण पाहिलेलंच नव्हतं. झाकलेला भाग आपण मनाने भरून काढतो, आणि बहुधा असतो त्यापेक्षा देखणा भरून काढतो. हे संशोधनातही दिसलं आहे. मुलांना ते अनुभवाने कळलेलं असतं. कुणीतरी पहिल्यांदा मास्क काढल्यावर "अरे, तू असा दिसतोस होय!" अशी एक आरोळी वर्गात उठली, की पुढच्या दहा जणांचा मास्क वर्षभर पक्का झाला असं समजा. एक अकरावीची मुलगी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत उपाशी राहायची, कारण डबा खायचा तर मास्क काढावा लागेल. तिच्या आईला वाटत होतं की पोरगी डाएट करते आहे.

दुसरी तऱ्हा भीतीची. घरात आजी-आजोबा, डायलिसिसवर असलेले वडील, दम्याचा भाऊ. अशी मुलं मास्क ठेवत होती कारण त्यांना तो ठेवायलाच हवा होता. त्यांचं वागणं पूर्णपणे शहाणपणाचं होतं आणि त्यांची चेष्टा थांबवणं हे शाळेचं काम होतं.

तिसरी तऱ्हा शोकाची, आणि तिच्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात हजारो मुलांनी आई किंवा वडील गमावले. ज्यांचे दोघेही गेले त्यांच्या नावे सरकारने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. ते योग्यच झालं. पण अशा मुलाच्या मनात बहुतेक वेळा एक वाक्य अडकलेलं असतं: माझ्यामुळे तर आलं नाही ना घरात? तो क्रिकेट खेळायला गेला होता, दोन दिवसांनी त्याला सर्दी झाली, आठवड्याने बाबा ॲडमिट झाले. खरा क्रम काय होता हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्या शंकेला उत्तरही मिळत नाही. या मुलासाठी मास्क हे प्रायश्चित्त असतं. त्याला "आता काढ रे, करोना गेला" म्हणणं म्हणजे त्याचा बाप ज्यात गेला ती गोष्ट संपली असं सांगणं. असं एक मूल जरी वर्गात असेल तर मास्कबद्दलची प्रत्येक विनोदी शेरेबाजी थांबवा. त्याच्याशी मास्कचा विषय काढूच नका, वडिलांचा काढा. तो बोलू लागला की मास्क त्याच्या वेगाने जाईल. माझ्या अनुभवात तो जातो.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. जपानमध्ये मास्क आधीपासून रुळलेला होता. तिथे १३ मार्च २०२३ पासून मास्कचा निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपवला गेला आणि १ एप्रिलपासून शाळांनाही हे लागू झालं. तरी पुष्कळ विद्यार्थ्यांनी तो लगेच काढला नाही. तिथल्या मुलांनीही चेहरा दाखवायचा संकोच वाटतो, हेच कारण पुढे केलं.

पुन्हा साथ आली तर काय करावं? सुरुवात वयापासून करते. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सांगितलं होतं की बारा आणि त्यापुढच्या वयाच्या मुलांना मोठ्यांचेच निकष लावावेत, सहा ते अकरा वयाला परिस्थिती आणि देखरेख बघून, आणि पाच व त्याखालच्यांना मास्कची सक्ती नको. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच धर्तीवर सूचना दिल्या. म्हणजे तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना आरोग्यशास्त्र प्रौढ मानत होतं. मग त्यांच्याशी बोलणंही तसंच हवं. पहिल्या आठवड्यात एक तास फक्त प्रश्नांना द्या. ऑक्सिजन कमी होतो का, असं कुणीतरी विचारेलच, कारण व्हॉट्सॲपवर ते फिरलेलं असेल. सांगा की ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू मास्कच्या छिद्रांच्या मानाने अतिसूक्ष्म असतात, ते आरपार जातात, आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क लावून काम करतात. मास्कची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगा. सैल कापडी मास्क थोडंच अडवतो, नीट बसलेला सर्जिकल मास्क जास्त, एन-९५ त्याहून जास्त, आणि नाक उघडं ठेवलं तर यातल्या कशाचाच पुरेसा उपयोग नाही. मुलांना अर्धसत्य कळतं. पूर्ण सांगितलं की ती आपलं ऐकतात.

दुसरं, फाटकावर सर्जिकल मास्कचा खोका ठेवा. ज्याला हवा त्याने न विचारता घ्यावा. वहीत नाव नको, पैसे नकोत. मुलांना मास्क लावायचीच इच्छा नाही असं म्हणण्याआधी तो त्यांच्या हातात आहे का ते बघा.

यासाठी बांगलादेशातला एक मोठा प्रयोग मी शाळांना नेहमी सांगते. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे सहाशे गावांमध्ये, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढांवर तो झाला. निम्म्या गावांत फुकट मास्क दिले, माहिती दिली, गावातल्या मान्यवरांनी आणि इमामांनी स्वतः मास्क लावून दाखवला, आणि रस्त्यात मास्क नसलेल्याला कुणीतरी शांतपणे आठवण केली. नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण तेरा टक्क्यांवरून बेचाळीस टक्क्यांवर गेलं. मोबाइलवरचे संदेश, घरासमोर लावलेल्या पाट्या आणि पुढाऱ्यांना बक्षीस यांनी मात्र म्हणावा तसा जास्तीचा फरक पडला नाही. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, हे खरं. पण समोर उभ्या असलेल्या माणसाने हळू आवाजात केलेली आठवण नोटिशीपेक्षा कामी येते, हे मी शाळेतही तंतोतंत पाहिलं आहे.

शाळेत ती आठवण कुणी करायची, यावर सगळं अवलंबून आहे. वर्गप्रमुखाकडे देऊ नका. तो आधीच शिक्षकांचा माणूस समजला जातो. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात की ज्यांच्याकडे बघून बाकीचे केस कापतात, बूट निवडतात. कबड्डीचा कॅप्टन, गॅदरिंगमध्ये नाचणारी मुलगी, सगळ्यांना हसवणारा शेवटच्या बाकावरचा. त्यांना बोलवा आणि खरी मदत मागा. आदेश देऊ नका. एका ग्रामीण शाळेत दहावीच्या कबड्डी संघाने आपल्या जर्सीच्या रंगाचे मास्क शिवून घेतले होते. पंधरा दिवसांत नववीची मुलं तसेच मागू लागली. मास्क घाबरटाची खूण राहिला नाही, संघाची खूण झाला.

आणि तुम्ही सगळे शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिपाई मामा धरून, तेच पाळा. आवाज पोचत नसेल तर साधा कॉलर माइक घ्या. ऐकायला कमी येणारं मूल वर्गात असेल तर ओठ दिसणारा पारदर्शक मास्क शिक्षकाने वापरावा. या मुलांचं त्या दोन वर्षांत फार नुकसान झालं आणि त्यांनी तक्रारही केली नाही. खिडक्या उघड्या ठेवा. दर दोन तासांनी मैदानात दहा मिनिटं मास्क उतरवायची मुभा द्या. कुठे काढता येतो हे ठरलेलं असलं की कुठे लावायचा हे मुलं मान्य करतात.

सक्ती उठेल त्या दिवसाचीही तयारी ठेवा, कारण मागच्या वेळी तीच राहून गेली. "उद्यापासून सगळे चेहरे दिसले पाहिजेत" अशी घोषणा नको. आधी चारपाच जणांच्या गटात, मोकळ्या जागेत डबा, मग प्रकल्पाचं काम, मग वर्ग, असं पंधरा-वीस दिवसांत होऊ द्या. दिसण्यावरच्या शेऱ्यांना पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळी अडवा. वर्गाचा फोटो असेल तर मास्कसहित उभं राहायची परवानगी द्या.

दोन-तीन महिन्यांनंतरही कुणी मास्क सोडत नसेल, तर मास्ककडे बघू नका, बाकीचं बघा. डबा खातो का? तोंडी परीक्षेला उभा राहतो का? सुट्टीत कुणाबरोबर असतो? घरी, नातेवाइकांत काढतो का? हे सगळं सुरळीत असेल तर मास्क राहू द्या, काही बिघडत नाही. जेवण टाळणं, शाळा बुडवणं, आरशासमोर तासन्‌तास घालवणं किंवा आरसाच टाळणं यातलं काही दिसलं तर पालकांना एकट्याने बोलवा आणि मुलाला समुपदेशकाकडे पाठवा. तालुक्याला समुपदेशक नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला फोन लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा.